मुशायऱ्यात गालिब कुणी मागत नाही

१५ डिसेंबर २०२४ला उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वारले. त्यानंतर दोन-तीन दिवस आमच्या पांढरकवड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एक, चहाच्या जाहिरातीची ती जुनी क्लिप आणि खाली ‘वाह उस्ताद’. दुसरा, ओळखीच्या एका हजरतांचा आवाज: मगफिरतीची दुआ करा, पण ज्या कामात उमर घातली त्याची तारीफ करू नका. मी दोन्ही ग्रुपांत आहे. एका ठिकाणी शिक्षक म्हणून, दुसऱ्या ठिकाणी मोहल्ल्यातला म्हणून.

या दोन बाजूंचं भांडण नेहमीचं आहे आणि त्यात कोण काय बोलणार हे आधीच पाठ असतं. मला मात्र या वेळी दोघांशीही भांडायचं आहे. कारण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली होती: झाकीर हुसेन म्हणजे तबल्यावर चालणारे दोन हात. एकाने त्या हातांना सलाम केला, दुसऱ्याने तौबा केली. हा माणूस नवं संगीत रचत होता, ते दुसऱ्यांना वाजवायला देत होता, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा फारसं ठाऊक नव्हतं. माहीममध्ये १९५१ साली जन्मलेल्या या मुलाने ‘पल्लवी’ नावाची एक रचना केली आहे आणि तिच्यात तबला वाजवणारा कुणी नाही, हे मला नंतर कळलं.

‘पल्लवी’ ही चार वाद्यांसाठी आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज भरदार) आणि एक चेलो, जो पायांमध्ये धरून वाजवतात. या चौघांच्या गटाला पाश्चात्त्य संगीतात स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. समोर छडी हलवणारा कंडक्टर नसतो. चौघं एकमेकांकडे बघून, एकमेकांचा श्वास ऐकून वाजवतात. मोठ्या ऑर्केस्ट्राला सभागृह लागतं, याला एक खोली पुरते. म्हणून त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. आपल्याकडे ‘बैठकीची लावणी’ म्हणताना ‘बैठक’ शब्दाचा जो अर्थ असतो, तोच इथे घ्यावा.

ही रचना करवून घेतली क्रोनॉस क्वार्टेटने. या गटाची गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात डेव्हिड हॅरिंग्टन नावाच्या व्हायोलिनवादक तरुणाने रेडिओवर जॉर्ज क्रम्ब यांची ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकली. व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि ही रचना त्या युद्धाच्या सावलीत १९७०मध्ये झालेली. तिच्यात वादक ओरडतात, घंटा वाजवतात, पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांवर गज फिरवतात. (मी ती दोन वेळा लावली आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच बंद केली. आवडलीच पाहिजे असं नाही.) हॅरिंग्टनला मात्र वाटलं, आपल्या काळाचा आवाज हाच. त्याने गट काढला आणि ठरवलं की आपण मुख्यतः जिवंत माणसांचं वाजवायचं. बीथोव्हेन वाजवायला जगात पुष्कळ लोक आहेत.

पैसे नव्हते. गटासाठी पहिली रचना हॅरिंग्टनचे शिक्षक केन बेनशूफ यांनी करून दिली आणि मोबदला म्हणून त्यांना मिळाली डोनटची एक पिशवी. तिथून सुरू झालेलं काम आज हजाराहून जास्त नव्या रचना आणि रूपांतरांपर्यंत आलं आहे. १९८८ साली स्टीव्ह राईश यांनी त्यांच्यासाठी ‘डिफरंट ट्रेन्स’ रचली. तिच्यात नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंचे रेकॉर्ड केलेले आवाज आहेत आणि व्हायोलिन त्या बोलण्याची चाल पकडून चालतात. बाकूमध्ये जन्मलेल्या फरांगीज अलीजादे यांनी १९९३मध्ये त्यांच्यासाठी ‘मुगाम सायागी’ रचली. मुगाम म्हणजे आपण ज्याला मकाम म्हणतो त्याच घराण्यातली अझरबैजानी गायकी. एक बाई, मुसलमान मुलखातली, चार अमेरिकन वादकांकडून मुगाम वाजवून घेते. २००५मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आशा भोसले याच चौघांबरोबर राहुलदेव बर्मनची गाणी नव्याने गायल्या. त्या रेकॉर्डवर तबल्यावर झाकीर हुसेनच होते.

पुढे २०१५मध्ये क्रोनॉसने एक योजना सुरू केली: पन्नास नव्या रचना, पंचवीस स्त्रियांकडून आणि पंचवीस पुरुषांकडून, नव्या वादकांना शिकण्यासाठी. ‘पल्लवी’ त्यातलीच. या रचनांची लिखित स्वरलिपी त्यांच्या वेबसाइटवर फुकट ठेवलेली आहे. कुणीही उतरवून घ्यावी, वाजवावी. अमेरिकेतल्या मुलांनी वाजवावी तशी पांढरकवड्यातल्या मुलांनीही वाजवावी. फक्त पांढरकवड्यात व्हायोलिन नाही.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, सर, कापसाला भाव नाही आणि तुम्ही चेलो घेऊन बसलात. बरोबर आहे. पण क्रोनॉस जे करतं ते परकं नाही. आपण ते शेकडो वर्षं करत आलो आहोत, फक्त शायरीत.

मुशायऱ्याला कोण जातं? जिवंत शायराला ऐकायला जातो आपण. कामठीला, अकोल्याला, अमरावतीला रात्र रात्र बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात हमाल असतात, बिडी कामगार असतात, माझ्यासारखे मास्तर असतात. शायर माइकवर आला की कुणी ओरडत नाही, ‘गालिब सुनाओ’. मागतात ते ताजा कलाम. गालिब घरी आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, त्याची अडचण नाही. पण मंचावर जो उभा आहे त्याने स्वतःचं काही आणलं पाहिजे. शेर आवडला तर ‘मुकर्रर’, नाही आवडला तर खोकला. आणि तरही मुशायरा तर त्याच्याही पुढचा. आयोजक एक मिसरा आधी देतात आणि प्रत्येक शायराला त्याच जमिनीत नवी गझल बांधून आणावी लागते. क्रोनॉस रचनाकाराला जे सांगतं ते यापेक्षा वेगळं काय आहे? तारीख ही, माणसं ही, नवं काही घेऊन या.

म्हणजे ज्या कौमला ही रीत इतकी अंगवळणी आहे, तिने संगीतात मात्र उलटं वागायचं ठरवलं. तिथे आपल्याला फक्त जुनं चालतं. कव्वालाने तीच चार कव्वाल्या म्हणायच्या, बॅण्डने सिनेमाचं गाणं वाजवायचं, आणि स्वतःचं काही काढलं की आपल्या कपाळाला आठी.

आमच्या मोहल्ल्यात एक बॅण्डमास्तर आहेत. क्लॅरिनेट वाजवतात. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. लग्नाच्या वरातीत दोन सिनेमांच्या गाण्यांच्या मधे ते काहीतरी वेगळं वाजवायचे. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. सनईसारखं सुरू होऊन भलतीकडेच वळायचं. मी फार नंतर विचारलं, मास्तर, ते मधलं कोणतं गाणं होतं? म्हणाले, ‘गाना नहीं सर, बीच में अपना थोडा डाल देता हूँ.’

आणि माझ्याच लग्नात, २००६मध्ये, मास्तरांनी ते ‘अपना थोडा’ सुरू केलं तेव्हा माझ्या मित्रांनी ओरडून ते बंद करायला लावलं होतं. मी घोड्यावर होतो. मीही हात करून गाण्याची फर्माईश केली होती. कोणतं गाणं ते आज आठवत नाही. मास्तरांनी वाजवलेलं थांबलं तेवढं आठवतं. पाकिटात शंभराची नोट जास्त घातली होती, ती गाण्याबद्दल.

आता वरातीत डीजे असतो किंवा नागपूरकडची धुमाल पार्टी. मास्तर उन्हाळ्यात हायवेवर रसवंती लावतात.

हजरतांच्या मुद्द्याला मी टाळत नाही. मी आलिम नाही, बीएड झालेला मास्तर आहे. संगीत हलाल की हराम यावर फतवा देणं माझं काम नाही. उलेमांमध्येच यावर मतं वेगवेगळी आहेत आणि जो खरोखर मानतो, घरात टीव्ही ठेवत नाही, लग्न मशिदीत साधेपणाने उरकतो, त्याच्यासमोर मी मान झुकवतो. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण त्या घरांशी आहे जिथे डीजेला पंचवीस हजार मोजले जातात आणि बॅण्डवाल्याच्या मुलाचं स्थळ आलं की ‘वो बाजे वाले हैं’ म्हणून परत पाठवलं जातं. ‘मिरासी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. बाजा आपल्या घरातून गेलेला नाही. गेला तो वाजवणाऱ्याचा मान. शरियतचं नाव पुढे करून आपण जातीचं काम करत असू, तर ते तसंच्या तसं म्हणायला हवं.

दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे पुरोगामी मित्र आणि आमच्यासारखे लेख लिहिणारे, यांचं वेगळंच. ‘संगीताला मुसलमानांचं योगदान’ या विषयावर आम्ही किती लेख लिहिले असतील! मीही लिहिलाय. कोल्हापूरचे अल्लादिया खाँ, मिरजेचे अब्दुल करीम खाँ, बनारसचे बिस्मिल्ला खाँ. यादी वाचून झाली की वाचक खूश, लेखक खूश. पण त्या यादीत एकही जिवंत माणूस का नसतो? १९३७ला वारलेले अब्दुल करीम खाँ आणि १९४६ला वारलेले अल्लादिया खाँ आपल्या काळात जुने नव्हते, नवे होते. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज गेला आणि त्या तुटलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी बांधली. लोकांना ती कठीण वाटायची. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं ते जिवंतपणी, पगार देऊन. आपण ती गोष्ट ‘महाराज किती उदार होते’ यासाठी सांगतो. नव्या कामाला पैसा मोजला, एवढं साधं वाक्य त्यातून काढत नाही.

मुंबईकडे पाहावं तर तिथेही फार वेगळं नाही, फक्त गालिचे महाग आहेत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यांनी झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ रचून घेतलं, २०१५मध्ये वाजवलं आणि पुढे परदेशातही नेलं. याबद्दल त्यांना शाबासकी. पण अशा वेळा किती? बहुतेक संध्याकाळी तिथेही मेलेल्या युरोपियन लोकांचीच चलती. आणि वनराज भाटिया? लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजेंकडे शिकून आलेला मुंबईचा माणूस. त्यांची ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ देशाने ऐकली, कारण त्यात सिनेमा आणि टीव्ही होता. त्यांनी ऑपेरा रचला, पियानोसाठी, गायकांसाठी लिहिलं. ते वाजवायला माणसं शोधावी लागायची. २०१२मध्ये पद्मश्री. २०१९मध्ये बातम्या आल्या की म्हातारपणी खात्यात पैसे नाहीत, घरातल्या वस्तू विकाव्या लागताहेत. मे २०२१मध्ये गेले. मग श्रद्धांजल्या आल्या, अर्थातच, आणि सगळ्यांत ‘भारत एक खोज’चं शीर्षकसंगीत.

कुणी म्हणेल अमेरिकेत पैसा आहे, फाउंडेशनं आहेत. आहेत. म्हणूनच मी डोनटची पिशवी सांगितली. सुरुवात तिथून झाली होती आणि डोनटच्या पिशवीची आपल्याकडची किंमत म्हणजे एक किलो समोसे आणि थोडी जिलबी. एवढी ऐपत पांढरकवड्यात कुणाची नाही? उरुसाची कमिटी संदलला हजारो रुपये देते. त्यातले दोन हजार देऊन ‘या वर्षी पाच मिनिटं तुमचं स्वतःचं वाजवा’ असं कमिटी कधी म्हणाली आहे का? नात लिहिणारे तरुण आपल्या गावात आहेत, त्यांना सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायला लागतात, कारण नवी चाल बांधणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मी एकदा नववीच्या वर्गात मोबाइलवर ‘पल्लवी’ लावली. स्पीकर फुटका होता. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून विचारणा झाली, ‘सर, गाना कब शुरू होगा?’ सगळे हसले, मीही. एक मुलगी मात्र बाकावर बोटांनी मात्रा मोजत होती. चौदापर्यंत गेली, मग चुकली, मग पुन्हा पहिल्यापासून. तिचे वडील ट्रकवर असतात. घरात कुणी वाजवणारं नाही. कुठून आलं तिच्यात, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी मास्तरांच्या रसवंतीवर गेलो. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आहे. म्हटलं, मास्तर, चार मिनिटांचं वाजवायचं. त्यांनी विचारलं, ‘कौनसा गाना?’ म्हटलं, गाना नाही, ते मधलं, तुमचं. ते बराच वेळ ग्लास धूत राहिले. मग म्हणाले, एकट्याने होणार नाही, ढोलकवाला पुतण्या आणि कीबोर्डवर कुणीतरी लागेल, आणि तिघांची तालीम म्हणजे तिघांची रोजी बुडणार. हिशेब सांगितला साडेतीन हजार. शाळेच्या कमिटीने ‘विषय पुढच्या बैठकीत घेऊ’ असं म्हटलंय. पंधराशे मी आगाऊ देऊन आलोय. मास्तरांनी ते मोजून घेतले आणि पावती हवी का, असं विचारलं.