लस टोचली, पण लागली नाही

आमच्या डाव्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांच्या दंडावर तो असेल. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रोगी आढळला, पुढे ही लस टोचणेही थांबले. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना हा व्रण म्हणजे लहानपणी कधी भाजल्याची खूण वाटते. त्या काळी लस टोचल्यावर आठवड्याने ती जागा पाहिली जाई. फोड उठला असेल तर लस लागली. नसेल तर पुन्हा टोचणी. लस लागली की नाही, हे घरातल्या आजीलाही डोळ्यांनी दिसत असे, आणि फोड उठला नाही म्हणून मुलाला कोणी दोष देत नसे.

हे आठवण्याचे कारण आमची भाची. ती काचीगुड्यात राहते आणि शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात परिचारिका आहे. तिथे दिवसभर रक्ताशी आणि सुयांशी गाठ. अशा ठिकाणी एचआयव्हीचे भय सर्वांना असते, परंतु हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू संसर्गाच्या बाबतीत त्याहून कितीतरी पुढे आहे. एचआयव्हीबाधिताला टोचलेली सुई लागली तर हजारांत सुमारे तिघांना बाधा होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची सुई लागली, तर हेच प्रमाण शंभरांत तीसपर्यंत जाऊ शकते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो.

यावर उपाय म्हणजे लस, आणि तिच्याशी आपल्या हैदराबादचे नाते आहे. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ साली येथे स्थापन केलेल्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली भारतीय बनावटीची पहिली रिकॉम्बिनंट हिपॅटायटिस बी लस बाजारात आणली. तोवर परदेशी लस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. भाचीने नोकरीच्या आरंभी या लसीचे तीन डोस घेतले : पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. त्यानंतर दोन महिन्यांनी तिचे रक्त तपासले. दर मिलिलिटरला दहा मिली-युनिट इतकी प्रतिपिंडे आढळली म्हणजे माणूस सुरक्षित समजतात. तिचा आकडा दहाच्या खाली होता. पुन्हा तीन डोस झाले, पुन्हा तपासणी झाली. आकडा हलला नाही. आधीच रोग तर जडलेला नाही ना, हेही पाहिले. तो नव्हता.

घरी हे कळले तेव्हा आमची थोरली बहीण म्हणाली, "हिचं रक्तच कमजोर. सोडून दे ती नोकरी." आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हीही फार शहाणपणाने वागलो नाही. "एखाद्या शाळेत आरोग्यसेविकेची जागा निघते का पाहतो," असे आम्ही म्हणालो. भाची गप्प बसली. तिने तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि कामावर जात राहिली. विभागप्रमुख सिस्टरांना तिने काही सांगितले नाही. हिपॅटायटिस बीच्या रोग्यांसाठी तिथे वेगळे यंत्र असते, आणि त्यावर शक्यतो सुरक्षित ठरलेल्या परिचारिकेने काम करावे असा दंडक असतो. आपण कागद दाखवला तर 'काम टाळण्याचं निमित्त' असे सहकारी म्हणतील, ही तिची भीती. नोंदवहीत तिच्या नावापुढे 'तीन डोस पूर्ण' एवढेच लिहिलेले राहिले. तपासणीच्या निकालासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

पुढे एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "मामा, आईला सांगू नका. सुई लागलीय. त्याच यंत्रावर होते." आम्ही विचारले, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, "वही पाहिली आणि म्हणाले, लस झालीय ना, मग काळजी नको."

आम्ही मराठीचे शिक्षक. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्या वहीवर विसंबून डॉक्टर निश्चिंत झाले ती अपुरी आहे, हे समजायला वैद्यक लागत नाही. आम्ही इतकेच म्हणालो, "तो कागद घे आणि आत्ताच्या आत्ता परत जा. आम्ही येतो."

कागद पाहताच डॉक्टरांचा सूर पालटला. ज्यांच्या शरीरात लसीने प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत, त्यांना तयार प्रतिपिंडेच टोचता येतात. हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन असे त्या औषधाचे नाव. ते जितके लवकर द्यावे तितके बरे. शक्यतो चोवीस तासांच्या आत. आठवडा उलटून गेला तर त्याचा भरवसा राहत नाही. पहिले इंजेक्शन तिला त्याच रात्री मिळाले, दुसरे महिन्याने. सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा बाधा नव्हती. ते सहा महिने आमच्या बहिणीच्या घरी कसे गेले, हे लिहिण्याचे आमच्या लेखणीला सामर्थ्य नाही.

नंतर भाचीनेच आम्हांला समजावून दिले की, शंभर निरोगी प्रौढांत पाच ते दहा जणांना पहिल्या तीन डोसांनी पुरेशी प्रतिपिंडे येत नाहीत. वय चाळिशीपुढचे असेल, धूम्रपान, स्थूलपणा वा मधुमेह असेल तर हे प्रमाण वाढते. लस दंडाऐवजी कुल्ल्यात टोचली किंवा शीतपेटीत गोठली तरीही ती निष्फळ ठरू शकते. पुष्कळांना दुसऱ्या तीन डोसांनी यश येते. तरीही जे उरतात, त्यांच्या बाबतीत बहुधा आनुवंशिक रचनेचा भाग असतो. तिथे ना आहाराचा दोष, ना चारित्र्याचा. ज्यांची ती सेवा करते, त्या मूत्रपिंडाच्या रोग्यांनाही दुप्पट मात्रा द्यावी लागते आणि तरी कित्येकांत ती लागू पडत नाही. त्यांना कोणी कमजोर रक्ताचे म्हणून हिणवत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकदा दहाच्या वर गेलेला आकडा वर्षांनी उतरला, तरी निरोगी माणसाच्या शरीराची स्मृती टिकते आणि संरक्षण राहते. म्हणून तपासणी करायची ती शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांत. दहा वर्षांनी केलेल्या तपासणीत कमी आकडा आला, तर लस मुळात लागलीच नव्हती की लागून उतरली, हे सांगणे अवघड होते.

पस्तीस-एक वर्षे आम्ही निकालपत्रके वाटीत आलो आहोत. गुण कमी पडलेले मूल पत्रक घरी दाखवीत नाही, हे आम्ही नित्य पाहतो, आणि त्यात आमच्या तोंडून गेलेल्या शब्दांचाही वाटा असतो. भाचीच्या कपाटातल्या कागदाला तिच्या भित्रेपणाइतकेच आमचे ते नोकरी बदलण्याचे बोल जबाबदार होते. तिने तेव्हाच सांगितले असते, तर यंत्र बदलून मिळाले असते. सुई लागलीच असती, तर औषध विनाविलंब मिळाले असते. आज ती त्याच विभागात आहे. वेगळ्या यंत्रावरचे काम दुसऱ्या सिस्टर पाहतात, त्यांच्या रात्रपाळ्या ही उचलते. वहीत आता निकालाचाही रकाना आहे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना, तसेच तो कचरा हाताळणाऱ्यांनाही, हिपॅटायटिस बीची लस देणे बंधनकारक केले आहे. वाचकांच्या घरी कोणी परिचारिका असेल, प्रयोगशाळेत वा सफाईच्या कामावर कोणी असेल, तर लस घेतली का, एवढेच विचारून थांबू नये. तिसऱ्या डोसानंतर रक्त तपासले का, आणि तो निकाल दवाखान्याला ठाऊक आहे का, हेही विचारावे. उत्तर काहीही आले तरी 'नोकरी सोड' हे शब्द मात्र लगेच तोंडातून काढू नयेत. आम्ही ते काढले होते, म्हणून सांगतो.