सेट धरायला माणूस कशाला?

एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की कॉलेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘दोघं जण मागे टेम्पोत बसा रे, सेट धरायला.’ ते दोघं बहुतेक वेळा फर्स्ट इयरचे असतात. लेव्हल्स, फ्लॅट्स, दरवाजाची चौकट, एखादं लोखंडी कपाट आणि मधोमध ही दोन पोरं. सगळ्यांना भारी मजा वाटते, फोटोही निघतात. माझ्या मते हा प्रकार बंद व्हायला हवा.

कारण सेट हाताने धरताच येत नाही. गाडीने करकचून ब्रेक मारला तरी आतला माल आधीच्याच वेगाने पुढे जायला बघतो. म्हणून अमेरिकेतल्या ट्रकच्या नियमांत बांधणी अशी मागतात, की मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या दिशेने आणि 0.5 पट बाजूला आला तरी ती टिकेल. आपला सेट 300 किलोचा धरला, तर पुढे 240 किलोचा रेटा. तो अडवणार कोण, फर्स्ट इयरचा पोरगा?

यावरचा उपाय काही हायफाय नाही. बंद बॉडीच्या गाडीत आतल्या भिंतींना आडव्या लोखंडी पट्ट्या बसवतात, त्यांना ई-ट्रॅक म्हणतात. पट्टीभर खाचा असतात. हव्या त्या खाचेत बेल्टचं टोक अडकवायचं आणि रॅचेटने आवळायचं. एरवी कपाट एका कोपऱ्यात आणि हूक भलतीकडेच, मग दोरी तिरकी-तारकी जाते. ट्रॅक असला की माल जिथे, तिथेच बांधायची सोय. फ्लॅट्स भिंतीला उभे लावून वर एक, खाली एक बेल्ट मारा, जागचे हलणार नाहीत. (कडांना जुनी गोधडी घाला, नाहीतर रंग उडाला म्हणून आर्टवाले जीव घेतील.)

खरी गोम आहे बसवण्यात. नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रू पिळून पट्टी ठोकली तर दिसायला मजबूत दिसते, पण जोराच्या झटक्याला स्क्रू उपटून येतात. प्लायच्या मागे बॉडीचे उभे लोखंडी खांब असतात, ते शोधून त्यांतच बोल्ट जायला हवेत. तळाला पट्टी लावायची तर बोल्ट आरपार आणि खालून नटाखाली रुंद पत्रा, म्हणजे सगळा जोर एका भोकावर येत नाही. आणि ड्रिल चालवण्याआधी गाडीखाली वाकून बघा राव, तिथून वायरिंग आणि ब्रेकचे पाइप जातात.

टेम्पोवाले काका म्हणणार, ‘इतकी वर्षं दोरीवरच चाललंय की.’ चाललंय खरं. पण नायलॉनची दोरी ताणली जाते, खड्ड्यांत माल खाली बसतो आणि गाठ सैल पडते. बेल्टही सैल होतो, फक्त तो चहाला थांबल्यावर दोन मिनिटांत पुन्हा आवळता येतो.

वर्षातल्या आपल्या दोन-तीन ट्रिपांसाठी काका हा खर्च करणार नाहीत, हे मान्य. पण त्याच गाडीतून फ्रीज, बाइक, साउंडवाल्यांचे स्पीकर जातात. गिऱ्हाइकं विचारायला लागली तर ट्रॅक बसेल. भाडं ठरवताना आपण फक्त ‘किती कमी कराल?’ एवढंच विचारतो. यंदा ‘आत बेल्ट अडकवायला काय आहे?’ हेही विचारा.

आणि त्या दोन पोरांना एसटीचं तिकीट काढून द्या. प्रोडक्शनच्या बजेटात तेवढं बसतं.