भेटीपूर्वीची भेट

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या ज्या तलावाकाठी डॉ. सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, तेथे उभे राहिले की १९०८ साली, मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची जात विचारण्यास मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेची पायरी भीतभीत चढणारा बालक सलीम आठवतो. मामा अमीरुद्दीन तय्यबजींचे शिफारसपत्र हाती नसते, तर संस्थेचे सचिव मिलर्ड साहेबांच्या दारावरूनच तो कदाचित परतला असता. याच नवेगावात वनाधिकारी मारुती चितमपल्लींनाही अरण्यविद्या लाभली ती गावच्या जाणत्या माधवराव पाटलांच्या सहवासात. म्हणूनच आदरणीयांच्या भेटीस उतावीळ झालेल्या तरुणाने प्रथम गावच्या वृद्धाची मसलत घ्यावी. काय विचारावे हे ग्रंथ सांगतील, परंतु मौन केव्हा पाळावे, हे पिकल्या पानाखेरीज कोण सांगणार?