इंजिनाला ईथरची सवय लावू नका



गव्हाला मुकुटमुळे फुटतात तेव्हा, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी द्यावेच लागते. नेमके त्याच पहाटे गारठ्याने पंपाचे इंजिन रुसते. ट्रॅक्टरचीही तीच गत. सेल्फ मारून बॅटरी उतरते, हँडल मारून हात गळून जातात. मग कोणीतरी ईथरच्या फवाऱ्याचा डबा आणतो, एअर क्लीनरच्या तोंडाशी फवारतो आणि इंजिन धडधडू लागते. यात वाईट काय, असे आपण विचाराल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने ती तापते आणि नॉझलमधून वेळेवर आलेले डिझेल त्या उष्णतेने पेटते. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ईथर १६० अंशांच्या आसपासच पेट घेते. शिवाय ते हवेबरोबर आधीच आत शिरलेले असते. त्यामुळे पिस्टन वर चढत असतानाच भडका उडतो आणि पिस्टनवर घणाचा घाव बसतो. फवारा जास्त झाला, तर रिंगा तुटतात, हेड गॅस्केट उडते, कधी कनेक्टिंग रॉडही वाकतो. हँडलचे इंजिन असेल, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याची भीती असते.

ज्या इंजिनाला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर आहे, त्यात ईथर फवारूच नये. ते तापल्या तारेवर पेटून बाहेर भडका येऊ शकतो. पेट्रोलचा बोळा आणि जळती चिंधी हे उपायही तितकेच घातक.

अतिथंड देशांत काही इंजिनांना कारखान्यातूनच ईथरची सोय असते. पण तिथे ते मोजून सोडले जाते. आपल्या हाताला ते माप नाही.

आपल्याकडच्या थंडीत निरोगी इंजिनाला ईथर लागत नाही. लागत असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. रोजच्या घावांनी रिंगा ढिल्या होतात, कॉम्प्रेशन घटते आणि उद्या आणखी फवारा लागतो. यालाच लोक 'इंजिनाला सवय लागली' म्हणतात.

म्हणून आधी एवढे पाहा:

१. डिझेलच्या नळीत हवा धरली असल्यास ती काढा.
२. डिझेल फिल्टर तुंबला असल्यास बदला. टाकीच्या तळाचे पाणी काढून टाका.
३. बॅटरीची टोके घासून घट्ट बसवा.
४. एअर क्लीनर साफ करा.
५. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच वापरा.
६. हँडलच्या इंजिनाचा डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून आधी काही फेरे द्या, वेग आल्यावरच लिव्हर सोडा.

एवढे करूनही इंजिन उठले नाही, तर नॉझल, व्हॉल्व्ह आणि रिंगा फिटरकडून तपासून घ्या. हे काम थंडी सुरू होण्यापूर्वीच उरका. पहाटेची पाच मिनिटे वाचवायला जाल आणि इंजिन खोलून बसाल, तर गव्हाची पाळी चुकेल. ते नुकसान भरून येत नाही.