खाचरातले दुर्लक्षित धन
१५३० साली बांधलेल्या धामापूर तलावास २०२० मध्ये ‘जागतिक वारसा सिंचन स्थळा’चा मान मिळाला. परदेशी मोहोर उमटली, की आपल्याला आपले दिसू लागते! त्या मोहोरेची वाट पाहणारे आणखी एक धन कोकणातील भातखाचरात आहे : निळे-हिरवे शेवाळ. साचलेल्या पाण्यात सूर्यप्रकाशावर वाढणारे हे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून जमिनीस देतात. पी. के. डे यांनी १९३९ मध्येच भातशेतीतील त्यांचे हे कार्य सप्रमाण मांडले. काशी हिंदू विश्वविद्यालयात आर. एन. सिंह यांनी ते पुढे नेले. साधारणतः हेक्टरी २० ते ३० किलो नत्र त्यातून मिळू शकते.

एवढ्याने युरिया हद्दपार होईल, असा भाबडा दावा कोणी करू नये. पण आयात नैसर्गिक वायूवर बऱ्याच अंशी विसंबलेल्या त्या खताची मात्रा निश्चित घटेल. उलट युरिया भरमसाट पडला, की आयते नत्र मिळाल्याने शेवाळ आपले काम थांबविते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत परप्रांतीय वाण रुजेलच असे नाही. म्हणून धामापूरच्याच खाचरांतील शेवाळ निवडून, चुना व स्फुरदाची जोड देऊन, तेथील शेतकऱ्यांच्या हाती ते वाढविण्याची विद्या द्यावयास हवी. त्यास लागते उथळ वाफा, माती, पाणी आणि ऊन.