कचऱ्याचे पैसे नेमके कोणाला मिळतात? तुळजापूरच्या निमित्ताने समजून घ्या कंत्राटाचं गणित

नवरात्र सुरू झालं की तुळजापुरातली गर्दी कितीतरी पटींनी वाढते. कोजागिरीला तर सोलापूर रोड चालत येणाऱ्या भाविकांनी भरून जातो. दर्शन घेऊन लोक परततात आणि मागे राहतात हार-फुलं, नारळाच्या शेंड्या, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. हे उचलायचा खर्च कोण करतं? आणि त्यातून निघणाऱ्या भंगाराचे पैसे कोणाच्या खिशात जातात?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलीही सिस्टीम समजून घेताना मी आधी बघतो की ती मोजते काय. कचऱ्याच्या कंत्राटालाही हाच प्रश्न विचारा, बरंच काही उलगडतं.

पद्धत 1: टनावर पैसे

गाडी वजनकाट्यावर जाते, जितके टन भरतील तितकं बिल. हिशोब सोपा, पण त्यात एक अडचण आहे. समजा दर टनाला 1,500 रुपये आहे. शहराने रोजच्या 10 टन ओल्या कचऱ्याचं जागेवरच खत केलं, तर कंत्राटदाराचं बिल रोज 15,000 रुपयांनी घटेल. मग कचरा कमी व्हावा असं त्याला का वाटेल? ओले हार जड असतात, रिकाम्या बाटल्या हलक्या. सगळं एकत्र कोंबून नेलं तरी त्याचे पैसे बुडत नाहीत. बुडतो तो माल, कारण खरकटं लागलेल्या प्लास्टिकला भंगारवाला भाव देत नाही.

पद्धत 2: कंत्राटदारच पैसे देतो

इंदूरमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवणारा प्रकल्प सुरू झाला. क्षमता रोज 550 टन. इथे प्रकल्प चालवणारी कंपनी महापालिकेला वर्षाला 2.5 कोटी रुपये देते, असा करार झाला. बदल्यात पालिकेने तयार गॅसचा मोठा हिस्सा सिटी बससाठी विकत घ्यायचं ठरलं. हे जमलं कारण इंदूरमध्ये ओला आणि सुका कचरा घरातूनच वेगळा येतो. मिसळलेल्या कचऱ्यासाठी असे पैसे कोणी मोजत नाही.

पद्धत 3: जो निवडतो, भंगार त्याचं

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबरच्या करारावर घरोघरी कचरा गोळा करते. घरं दर महिन्याला शुल्क देतात आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून येणारे पैसे कचरावेचकांचे. संस्थेचा व्यवस्थापन खर्च आणि साहित्य यांचा भार पालिका उचलते. जो हाताने कचरा निवडतो त्यालाच त्याचा फायदा, म्हणून निवड नीट होते.

भाव पडला तर?

इथे खरी मेख आहे. भंगाराचा भाव बाजार ठरवतो. 2018 मध्ये चीनने परदेशी प्लास्टिक आणि रद्दीवर निर्बंध आणले आणि अमेरिकेतल्या कित्येक शहरांचं गणित फिसकटलं. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या फ्रँकलिन या छोट्या गावाला आधी टनामागे 6 डॉलर मिळत होते. नंतर रिसायकलिंगसाठी त्याच गावाकडे टनामागे 125 डॉलर मागितले गेले. जाळायचा दर होता 68 डॉलर. म्हणजे उत्पन्न वाटून घेताना तोटा कोण सोसणार हेही करारात आधीच लिहायला हवं. पुण्याच्या पद्धतीतही भाव कोसळला की पहिला फटका कचरावेचकालाच बसतो.

मग तुळजापूरने काय बघावं?

देवस्थानाच्या गावाचा प्रश्न वेगळा आहे. पुण्यासारखं शुल्क घराकडून घेता येतं, पण कचऱ्याचा मोठा भाग करणारा भाविक संध्याकाळी गाडी पकडून निघून जातो. त्याचा खर्च लॉज, पार्किंग आणि दुकानांच्या शुल्कातून काढला नाही, तर तो स्थानिकांच्या घरपट्टीवर येणार. शिवाय पाण्याच्या बाटलीला भाव आहे, वेफर्सच्या पाकिटाला जवळपास नाही. बाटल्या उचलल्या जातात, पाकिटं गटारात जातात.

1 एप्रिल 2026 पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असा चार भागांत कचरा वेगळा करायचा आहे. न निवडलेला कचरा डंपिंगवर पाठवणाऱ्या पालिकांना जास्त शुल्क पडेल, अशी तरतूद त्यात आहे. टनावर चालणारी जुनी कंत्राटं आता पालिकेला दुहेरी महागात पडू शकतात.

तुमच्या गावाच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर मोबाईलवरही बघता येतात. कराराची प्रत माहिती अधिकारात 10 रुपयांचं शुल्क भरून मागता येते. त्यात चार गोष्टी शोधा:

1. बिल कशावर निघतं: उचललेल्या वजनावर की निवडलेल्या मालावर?
2. भंगाराचं उत्पन्न कोणाचं, आणि भाव पडल्यावर तोटा कोणाचा?
3. ज्याला भाव नाही त्या प्लास्टिकचा खर्च कोण देणार?
4. आजवर बाटल्या वेचून पोट भरणाऱ्यांना करारात जागा आहे का?

अनेक शहरांत आता घंटागाडीला जीपीएस आणि दारावर क्यूआर कोड आहे. त्यातून गाडी येऊन गेली एवढं कळतं. कचरा वेगळा राहिला की एकाच ढिगात गेला, हे कोणी मोजत नसेल तर ॲप कितीही चकाचक असलं तरी पैसे ढिगाचेच दिले जातील.