लढा हवाच, उपचारही हवेत

जळगावच्या आदिवासी कन्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी मुंबईत जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा गुन्हा नोंदला गेला. न्यायासाठी आपण आवाज उठवला. तो उठवायलाच हवा. पण आपल्याच घरातला मुलगा गप्प गप्प राहू लागला, तर आपण त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो, हेही कबूल करू या.

अपमानाने मन खचते आणि काही वेळा त्यातून आजार जडतो. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. तरुणांत ती चिडचिडीतूनही दिसतात. याउलट झोप नसतानाही अफाट उत्साह, न थांबणारी बडबड, उधळपट्टी, हाही मनोविकार असू शकतो. दोन्हींवर उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही रुग्णाला भगताकडे नेले जाते, याची आम्हाला खंत वाटते. तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केली होती. आपण निदान डॉक्टरांपर्यंत सोबत जाऊ. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. जगणे नको झाले असे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका.

अन्यायाशी लढा आणि आजारावर उपचार, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर यावर बोलायला सुरुवात करू या. जयभीम!